मोजकंच खाणारं मूल आणि त्यात अन्नाची अ‍ॅलर्जी : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

एकाच मुलाला शेंगदाणा चालत नाही, आणि तेच मूल वरण-भात सोडून दुसरं काही तोंडात घेत नाही, अशी घरं बरीच आहेत. मुलांच्या आहाराचं काम करताना मला सारखं दिसतं ते असं: अ‍ॅलर्जीच्या पदार्थाबाबत घर ढिलं असतं ("चिमूटभर कुटानं काय होतंय?") आणि बाकीच्या जेवणाबाबत कडक ("ताटातलं संपवल्याशिवाय उठायचं नाही"). व्हायला हवं नेमकं उलट. जो पदार्थ खरोखर बाधतो, त्याला घरात जराही सूट नको. उरलेल्या सगळ्या खाण्याबाबत मुलावर जराही सक्ती नको. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

मुलगा चार वर्षांचा आहे. भात, पोळी, केळं, बिस्किटं एवढंच खातो. हा हट्ट आहे की आजार?

दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची धास्ती वाटणं हा वाढीचाच भाग आहे. काल आवडीनं खाल्लेली भेंडी आज नको होते, आठवडाभर फक्त दही-भात चालतो, मग ते सगळं विसरलं जातं. मूल खेळतंय, उंची-वजन आपल्या रेषेत वाढतंय आणि प्रत्येक गटातलं निदान काहीतरी पोटात जातंय (एखादं धान्य, एखादी डाळ किंवा अंडं, एखादं फळ), तर धीर धरा.

काळजी करायची ती यादी आक्रसत चालली तर. साधारण वीसच्या आत पदार्थ उरलेत, सुटलेला पदार्थ परत येत नाही, एकच कंपनी आणि एकाच रंगाचं पाकीट लागतं, दुसऱ्याच्या ताटातला वास आला तरी ओकारी येते, वजन अडकलंय किंवा घटलंय, अशा वेळी "मोठा झाला की खाईल" म्हणून थांबू नका.

डॉक्टरांनी 'एआरएफआयडी' असं लिहून दिलं. ते काय असतं?

खाणं टाळण्याचा किंवा फार मर्यादित ठेवण्याचा हा विकार आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 2013 साली त्याला या नावानं जागा मिळाली. बारीक होण्याचा किंवा दिसण्याचा इथे संबंध नसतो. काही मुलांना पोत, वास, तापमान सोसत नाही. काहींना भूकच फारशी जाणवत नाही. आणि काहींना खाल्ल्यावर काहीतरी वाईट होईल अशी भीती असते: घास अडकेल, उलटी होईल, पुन्हा अंगावर उठेल. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांमध्ये हा तिसरा प्रकार विशेष लक्षात ठेवावा लागतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये पहिला प्रकार बराच दिसतो. तिन्ही एकाच मुलात असूही शकतात.

याला आईवडिलांचे लाड कारणीभूत नसतात. हे मी प्रत्येक आईला सांगते, कारण नातेवाइकांनी तिला तोवर दहा वेळा उलटं ऐकवलेलं असतं.

दूध प्यायलं की पोट बिघडतं. ही अ‍ॅलर्जीच ना?

नसेलही. दुधातली साखर पचली नाही तर पोट फुगतं, गॅस होतो, पातळ शी होते. तो त्रास असतो, धोका नसतो. जुलाब होऊन गेल्यावर लहान मुलांना असं काही दिवस होतं आणि आपोआप सुधारतं. अशा मुलांना दही बहुतेक वेळा पचतं.

अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातल्या प्रथिनावर तुटून पडते. मग काही मिनिटांत ते दोनएक तासांत अंगावर गांध्या, ओठ-पापण्या सुजणं, उलट्या, खोकला, घरघर. तिथे थोडंसं दूधही चालत नाही, दहीही नाही. "गाईचं नाही सोसत तर म्हशीचं किंवा शेळीचं देऊ" हा प्रयोग करू नका. या दुधांमधली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तीही बाधतात.

आपल्याकडे गांध्या उठल्या की "पित्त उठलं" म्हणून आमसुलाचं पाणी लावतात आणि विषय तिथेच संपतो. लावा, थंड वाटतं. पण त्याआधीच्या दोन तासांत काय खाल्लं होतं, ते त्याच दिवशी वहीत लिहा. डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग या नोंदीचा होतो.

रक्ताच्या एका तपासणीत शंभर-दोनशे पदार्थांची अ‍ॅलर्जी कळते म्हणतात. करून घेऊ का?

नको. यातल्या पुष्कळ तपासण्या आयजीजी नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मोजतात. ती पदार्थ खाल्ल्याची खूण असते, आजाराची नव्हे. जी तपासणी कामाची आहे ती आयजीई नावाची वेगळी प्रतिपिंडं मोजते, किंवा त्वचेवर थेंब ठेवून टोचून पाहते. आणि तिचाही अर्थ मुलाच्या लक्षणांशी जोडूनच लावायचा असतो. तपासणीत आकडा वाढलेला, पण मूल तो पदार्थ रोज आनंदानं खातंय, तर ती अ‍ॅलर्जी नाही. शंका उरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडा-थोडा पदार्थ खायला देऊन पाहतात. तीच सर्वांत खात्रीची पद्धत.

मोजकंच खाणाऱ्या मुलाच्या हातात असा अहवाल पडला की फार नुकसान होतं. खात असलेल्या बारा पदार्थांतले सहा त्या कागदापायी बंद होतात, आणि ते सहा परत यायला वर्षं लागतात. बंद करायचं ते फक्त सिद्ध झालेलं.

त्याच न्यायानं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून नारळ बंद करायचं कारण नाही. शेंगदाणा डाळींच्या कुळातला आहे हे खरं, पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली बहुतेक मुलं डाळी नीट खातात. हरभऱ्याची किंवा मसुरीची वेगळी अ‍ॅलर्जी आपल्या देशात दिसते, तेव्हा लक्षण दिसलं तर तपासा. लक्षण नसताना डाळ काढली तर शाकाहारी घरातल्या मुलाला प्रथिनं मिळणार कुठून?

मराठी स्वयंपाकात शेंगदाणा, तीळ, गहू नेमके कुठे लपलेले असतात?

शेंगदाणा तर सगळीकडेच. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, ठेचा, पातळ पोह्यांचा चिवडा, अळूचं फदफदं, चिक्की, उपासाची आमटी. आणि जिथे "दाटपणाला थोडासा" टाकतात त्या भाज्या, ज्यांची आठवण विचारल्यावर कुणालाच येत नाही. तेलाचंही पाहा. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, पण लाकडी घाण्याच्या तेलात उरतात. हल्ली घाण्याचं तेल चांगलं म्हणून घरोघरी आलंय. अशा मुलाच्या घरात ते नको; करडई, सूर्यफूल वापरा.

तीळ गोडा मसाल्यात असतात, हे तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या घरानं पहिल्या दिवशी लक्षात ठेवायचं. रोजची आमटी त्याच मसाल्यात होते. मसाला घरी तीळ वगळून करता येतो; धणे-खोबरं थोडं वाढवलं की चव जमते.

गहू लपतो तो हिंगात. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर घटक छापलेले असतात. थालिपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरांत गहू असतो. दुधाच्या अ‍ॅलर्जीत साजूक तुपालाही सूट देऊ नका, त्यात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

वेगळं शिजवतो, तरी अंगावर उठतं. असं का?

मिक्सरचं भांडं उलटं करून पात्याखालच्या रबरी कडीपाशी बोट फिरवा. कालच्या कुटाचा चिकट थर हाताला लागतो. त्याच भांड्यात आज मुलासाठी नारळाची चटणी वाटली जाते. खलबत्ता, पुरणयंत्र, लाकडी पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा आणि त्यातला तो एकच चमचा, तळणीची कढई, सगळीकडे हाच प्रकार.

मुलासाठी मिक्सरचं एक छोटं भांडं, एक कढई आणि एक मिसळणाचा डबा वेगळा काढा, त्यावर रंगीत पट्टी चिकटवा. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना नुसतं सांगू नका, एकदा शेजारी उभं राहून दाखवा. आणि परवडत असेल तर त्या पदार्थाला घरातूनच रजा द्या. कुटाऐवजी ओलं खोबरं किंवा भाजलेली डाळ (तीळ चालत असतील तर तीळही) वापरून बहुतेक पदार्थ होतात. मग जेवताना प्रत्येक वाटी मुलासमोरून ओढून घ्यावी लागत नाही. मोजकं खाणाऱ्या मुलासाठी हे फार मोठं आहे: टेबलावरचं काहीही उचलून वास घेतला, चाटलं, तरी कुणी ओरडणार नाही.

पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल-नियमांनुसार ग्लुटेनवाली (गव्हासारखी) धान्यं, कवचवाले मासे (कोळंबी, खेकडे), अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, दूध आणि ठरावीक प्रमाणापलीकडचं सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन) यांचा वेगळा उल्लेख करावा लागतो. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी घटकांची सगळी ओळ वाचायला हवी. नेहमीचं पाकीट असलं तरी दर वेळी वाचा, कृती बदलते. सुटा फरसाण, बेकरीतली नानकटाई, हलवायाचा पेढा यांवर काहीच लिहिलेलं नसतं. अशा मुलासाठी ते आणू नका.

दूध बंद झालं. आता कॅल्शियमचं काय?

भारतीय शिफारशींप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, चार ते सहाला 550. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पण लहान मूल दिवसाला शंभर ग्रॅम नाचणी खात नाही आणि त्यातलं सगळं अंगीही लागत नाही. नाचणीचं सत्त्व, राजगिरा, तीळ, मासे खाणाऱ्या घरात काट्यासकट मऊ शिजवलेले बारीक मासे, कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध, यातलं मुलाला चालेल ते द्या. तरीही मोजकं खाणाऱ्या मुलाला औषध म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बहुतेकदा लागतंच. ते घेण्यात कमीपणा नाही. बदामाचं किंवा तांदळाचं 'दूध' हे दुधाला पर्याय समजू नका, त्यात प्रथिनं नगण्य असतात.

ज्यांना दूध चालतं त्यांच्यासाठी उलटी सूचना: दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध नको. दोन-तीन पेले दुधावर पोट भरतं, जेवण उरतं, लोह कमी पडतं, आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. "काहीच खात नाही" म्हणून आलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन आणि शौचाची सवय आधी पाहतात ती त्यामुळेच. कुंथून खडा होणाऱ्या मुलाला भूक लागत नाही.

सक्ती करायची नाही, मग उपाशी ठेवायचं का?

नाही. काय वाढायचं, किती वाजता आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी मांडली आणि आज जगभर पालकांना ती शिकवली जाते.

घरात ती अशी दिसते. तीन जेवणं आणि मधली दोन खाणी ठरलेल्या वेळी, मधल्या वेळात फक्त पाणी. प्रत्येक ताटात मुलाला नक्की चालणारा एक तरी पदार्थ. म्हणजे ते उपाशी उठत नाही. त्याच्या शेजारी घरातलं इतर जेवण, अगदी थोडं. मग त्याकडे बघून "एक घास तरी" म्हणायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, कपाळावर आठी न आणता. पहिले काही दिवस घरातल्या मोठ्यांनाच जास्त जड जातात.

यादी फारच छोटी असलेल्या किंवा वजन घटलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र "भूक लागली की खाईल" हा हिशेब चालत नाही. एआरएफआयडी असलेलं मूल खरंच खात नाही. त्याचे चालणारे पदार्थ कधीही रोखून धरू नका.

मोबाईल लावला तरच घास जातो. बंद करू?

हळूहळू, हो. पडद्याकडे बघत गिळलेल्या घासाची चव, पोत, पोट भरल्याची जाणीव यातलं काही मुलापर्यंत पोचत नाही. आधी दिवसातलं एक खाणं बिनमोबाईलचं करा, मुलाच्या सर्वांत आवडीच्या पदार्थाचं. काऊ-चिऊचा घास लहान बाळाला ठीक. चार वर्षांच्या मुलाच्या हातात घास हवा.

नवा पदार्थ सुरू करायचा तर कसा?

जे खातं, त्याच्या अगदी शेजारून. पिवळं वरण खातंय तर तेच वरण थोडं दाट. मग त्यात मूगडाळ. मग तीच डाळ-तांदळाची मऊ खिचडी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: रंग, आकार किंवा पोत. एक मुलगी गाजराला हातही लावत नव्हती, पण तिला तांदळाचे पापड कुरकुरीत लागायचे. तिच्या आईनं गाजराचा पापडाएवढा पातळ काप भाजून पापडाच्या शेजारी ठेवला. मुलीनं तो पहिल्यांदा मोडला, आवाज ऐकला आणि ठेवून दिला. त्या दिवशी तेवढं पुरेसं होतं. बघणं, हात लावणं, हुंगणं, चाटणं, चावून थुंकणं ही सगळी खाण्याचीच पावलं आहेत. थुंकायला शेजारी वाटी ठेवा. एखादा पदार्थ पटायला आठ-दहा, कधी पंधराहून जास्त वेळा समोर यावा लागतो.

आवडत्या पदार्थात गुपचूप भाजी मिसळू नका. पकडलं गेलं की तो पदार्थही यादीतून जातो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या जेवणात लपवाछपवी तर कधीच नको. ताटात काय आहे ते आई-बाबा खरं सांगतात, या विश्वासावर ते जेवतं.

एकदा जोराची रिअ‍ॅक्शन आली, तेव्हापासून ती सगळ्यालाच घाबरते.

तिची भीती खरी आहे. "काही होत नाही गं" म्हणून ती जात नाही. काय बाधतं आणि काय नाही हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या आणि चालणाऱ्या पदार्थांची यादी चित्रांसह फ्रिजवर लावा. तिला भांडं घासताना, पाकीट वाचताना बरोबर घ्या. सुटलेल्या पदार्थांपैकी जो कधीच बाधला नव्हता तोच आधी परत आणा. महिनाभरात यादी वाढली नाही तर बालमानसतज्ज्ञांची मदत घ्या.

एक गोष्ट भीती म्हणून सोडून देऊ नका. मूल घास फार वेळ चघळतं, प्रत्येक घासाला पाणी मागतं, पोळी-मटण छातीत अडकतं म्हणतं, तर अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीची सूज असू शकते. पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीनं तपासून ती ओळखतात, आणि तिच्यावर उपचार आहेत.

जोराची रिअ‍ॅक्शन आली तर त्या क्षणी काय करायचं?

श्वासाला त्रास, घरघर, आवाज बसणं, जीभ किंवा घसा सुजणं, मूल एकदम मलूल किंवा फिकट पडणं, किंवा गांध्यांबरोबर वारंवार उलट्या: याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावर पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अ‍ॅलर्जीचं सिरप खाज कमी करतं, जीव वाचवत नाही. त्याची वाट पाहत बसू नका.

मुलाला आडवं करून पाय वर ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, उचलून न्या. महाराष्ट्रात 108 ला फोन करा, किंवा जवळच्या दवाखान्यात पोचा आणि दारातच "अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे" म्हणा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबा, लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

परदेशात मिळणारी पेनासारखी इंजेक्शनं भारतात सहजासहजी मिळत नाहीत. म्हणून बरेच डॉक्टर एक मिलिलिटरची कुपी (तीत एक मिलिग्रॅम औषध असतं) आणि सिरिंज जवळ ठेवायला सांगतात. मात्रा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला 0.15 मिलिग्रॅम, त्या कुपीतलं 0.15 मिलिलिटर. मुलाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि भरायचं-टोचायचं त्यांच्यासमोर शिका. आजी-आजोबांनाही शिकवा, कारण दुपारी घरात तेच असतात. दमा असलेल्या मुलाच्या बाबतीत हे सगळं दुप्पट गांभीर्यानं घ्या.

सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." काय करू?

पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. डॉक्टरांनी सांगितलेलं सुनेनं सांगितल्यापेक्षा लवकर पटतं, हे कटू असलं तरी खरं आहे. आणि मग त्यांच्याकडे एक काम सोपवा: बिनदाण्याची खिचडी, तीळ वगळलेला गोडा मसाला. हात ज्यांचा सुगरणीचा आहे, त्या अशी कामं अभिमानानं करतात.

शाळा, वाढदिवस, संक्रांत, देवळातला प्रसाद?

शाळेला लेखी द्या: पदार्थ, लक्षणं, औषध, दोन फोन नंबर. "डबा वाटून खा" हा चांगला संस्कार आहे, पण या मुलाला त्यातून सूट हवी, हे बाईंनी वर्गाला सांगावं. वाढदिवसाला यजमानांना आधी फोन करा आणि मुलाचा खाऊ सोबत न्या. प्रसाद हातात घेऊन नमस्कार करून आईकडे द्यायचा, एवढं तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. संक्रांतीला तीळ चालत नसतील तर हलव्याच्या दाण्यातही तीळ किंवा खसखस असते हे विसरू नका. हळदीकुंकवाला वाटायला साखरेची बत्ताशी चालतात.

धाकट्या बाळाला शेंगदाणा उशिरा द्यावा का?

उशीर करू नका. लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त जोखीम असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात वयाच्या पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी दिसली. वरचं अन्न सुरू झालं की अगदी बारीक कूट नाचणीच्या खिरीत मिसळून देता येतो. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर धाकट्याचं हे खाणं वेगळ्या वाटीत, वेगळ्या वेळी, नंतर हात-तोंड धुऊन.

अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस द्यायची का?

हो. ती लस अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे चुकवायची नसते.

खर्च झेपत नाही. सरकारी व्यवस्थेत कुठे जावं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. अंगणवाडी आणि शाळेत येणारं तपासणी पथक जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलाला पाठवू शकतं. बालरोगतज्ज्ञ, वाचोपचार आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), मानसतज्ज्ञ अशा सेवा तिथे एकत्र असाव्यात अशी योजना आहे. शब्द उशिरा येणं, चावता न येणं, गिळताना ठसका लागणं यांसाठी तर नक्की जा. जाताना वाढीचा तक्ता, तीन दिवसांच्या खाण्याची नोंद आणि मूल जेवतानाचा मोबाईलवर काढलेला छोटा व्हिडिओ न्या.

हे कधी बरं होतं का?

दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वर्षांत ओसरते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं पुन्हा तपासत राहायचं, आणि घरी स्वतःहून "बघू या आता" करायचं नाही. मोजक्या खाण्याचं वेळापत्रक सांगता येत नाही. काही मुलं वर्षभरात दहा-बारा नवे पदार्थ घेतात, काही दोनच. दोन घेणाऱ्याचाही वाढीचा तक्ता वर सरकत असेल आणि जेवणाच्या वेळी घरात रडारड होत नसेल, तर उपचार चालू ठेवा आणि त्याच वेगानं चला.